चाकू पाहण्याची रीत

प्रदर्शन म्हटले की आपली एक सवय ठरलेली असते. वस्तू उचलायची, उलटीपालटी करून पाहायची, भाव विचारायचा, भाव ऐकून ‘बाप रे!’ म्हणायचे आणि वस्तू तिथेच टाकून पुढच्या स्टॉलकडे वळायचे. बचत गटांचा मेळावा असो की खादी-ग्रामोद्योगाचा, आम्ही स्वतः वर्षानुवर्षे असेच वागत आलो. सन २०१९ च्या जून महिन्यात अमेरिकेतील अटलांटा शहरी आम्ही याच सवयीने वागलो आणि चारचौघांत मान खाली घालण्याची वेळ आली. ती हकिगत आणि त्या निमित्ताने कळलेली तेथील रीतभात आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी तेथे गेलो कसे ते सांगतो. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा नोकरीनिमित्त अटलांटाजवळ राहतो. त्याने मामासाठी तिकीट काढले, आम्ही कार्यालयात अर्जित रजेचा अर्ज टाकला, ना हरकत प्रमाणपत्रासाठी तीन टेबले फिरलो आणि एकदाचे विमानात बसलो. या भाच्याला एकच छंद, तो म्हणजे चाकूंचा. कुणी टपाल तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी. हा पोरगा कारागिरांनी हाताने घडवलेले चाकू पाहत हिंडतो आणि वर्षाकाठी पैसे साठवून एखादा विकत घेतो. ताईला हे कळले तेव्हा तिच्या पोटात गोळा आला होता. ‘शिकायला पाठवला आणि हा सुरे जमवतोय, पोलीस धरतील,’ असे म्हणून ती फोनवर रडली होती. म्हणून आमच्या प्रवासाचा एक हेतू असाही होता की, पोरगा नेमके काय करतो ते डोळ्यांनी पाहून यावे.

पाहिले ते असे. दरवर्षी जून महिन्यात अटलांटा येथे ‘ब्लेड शो’ नावाचे तीन दिवसांचे प्रदर्शन भरते. ते १९८२ साली सुरू झाले. आम्ही गेलो तेव्हा ते शहराच्या उत्तरेस कॉब गॅलेरिया सेंटर या सभागृहात होते. २०२४ साली ते शहरातील जॉर्जिया वर्ल्ड काँग्रेस सेंटरमध्ये गेले. आत गेल्यावर टेबलांच्या रांगाच रांगा. एका बाजूला कंपन्यांची दालने, पण खरी गर्दी लहान टेबलांपाशी. टेबलावर काळे किंवा निळे कापड, त्यावर आठ-दहा चाकू आणि मागे खुर्चीवर ते घडवणारा माणूस स्वतः, कधी शेजारी त्याची बायको किंवा मुलगी. स्वयंपाकाच्या सुऱ्या, शिकाऱ्याचे चाकू, लाकूडकामाचे चाकू, खिशात ठेवायचे घडीचे चाकू, सगळे तेथे होते. गुंडगिरीचा मागमूस नव्हता. आमच्या रांगेत एक म्हातारे जोडपे हातात हात घालून फिरत होते आणि आजीबाई प्रत्येक टेबलावर मुठीचे लाकूड कोणते ते विचारत होत्या.

येथे थोडी माहिती द्यावी लागेल. कारखान्यात सुरी स्वस्त मिळत असताना एकट्याने चाकू घडवणारे हे लोक टिकले कसे? अमेरिकेत १९७० साली या कारागिरांनी ‘नाइफमेकर्स गिल्ड’ ही आपली संघटना काढली. बॉब लव्हलेस यांच्यासारखे कारागीर तयार पोलादाची पट्टी घासून, कातून पाते काढत. त्याच सुमारास विल्यम मोरन हे मेरीलँड राज्यातील गृहस्थ ऐरणीवर तापवून-ठोकून पाती घडवण्याची जुनी विद्या धरून होते. १९७३ साली त्यांनी गिल्डच्या प्रदर्शनात दमास्कस पोलादाचे चाकू मांडले. वेगवेगळ्या पोलादांचे थर एकमेकांवर ठोकून जोडलेले ते पाते, त्यावर पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी. पाहणारे थक्क झाले. १९७६ साली मोरन यांच्या पुढाकाराने ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ स्थापन झाली. ती आजही परीक्षा घेते आणि परीक्षा मोठी कडक आहे. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या चाकूने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा, मग त्याच पात्याने लाकडाची जाड फळी तोडायची, मग त्याच पात्याने हातावरचे केस काढून धार शाबूत असल्याचे दाखवायचे आणि शेवटी ते पाते पकडीत धरून ९० अंशांत वाकवायचे. पाते तुटले की नापास. उत्तीर्ण झालेल्याच्या पात्यावर ‘जे.एस.’ आणि वरची परीक्षा दिलेल्याच्या पात्यावर ‘एम.एस.’ ही अक्षरे दिसतात. टेबलावर जाण्यापूर्वी एवढे तरी ठाऊक असावे. ‘हे तुमच्या नावाचे इनिशियल का?’ असे आम्ही एकाला विचारले होते.

आता आमच्या फजितीकडे वळू.

पहिल्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, भाचा दुसऱ्या टेबलापाशी बोलत असताना आम्ही एका टेबलासमोर उभे राहिलो. मागे साठीतले एक गृहस्थ बसले होते. टेनेसी राज्यातून आलेले, वेल्डिंगच्या कामातून निवृत्त झालेले, हे सर्व पुढे कळले. समोर दहा चाकू. आम्ही त्यातला एक सरळ उचलला. मूठ सोडून पात्यावरच पंजा ठेवला. धार पाहायची म्हणून अंगठा फिरवला. किंमत विचारली. ४५० डॉलर! त्या वेळच्या दराने सुमारे ३१,००० रुपये. आमच्या तोंडून निघून गेले, आणि तेही इंग्रजीत, की आमच्याकडे लोहार असला चाकू दीड डॉलरमध्ये करून देतो. एवढे बोलून चाकू टेबलावर टाकला. टोक त्यांच्या पोटाकडे.

ते गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी चाकू उचलला, खिशातून मऊ कापड काढले आणि मुठीपासून टोकाकडे पाते सावकाश पुसू लागले. एकदा पुसले, प्रकाशात धरून पाहिले, बोटाचा ठसा राहिला होता म्हणून तेलाचा थेंब लावून पुन्हा पुसले. एवढ्यात भाचा धावत आला. ‘सॉरी सर, माझे मामा पहिल्यांदाच आले आहेत,’ असे म्हणून त्याने आम्हांला दंडाला धरून बाहेर नेले.

बाहेर पाण्याच्या नळाशी उभे राहून तो खालच्या आवाजात म्हणाला, ‘मामा, आजोबांना लोक काय म्हणायचे ते आई नेहमी सांगते. तेच तुम्ही आत्ता बोललात.’

वाचकहो, आमचे वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. संध्याकाळी घरी आले की चहा पिऊन चाळीच्या गॅलरीत पोते अंथरून बसत. पुढ्यात सहाण, बाजूला पाण्याचे टमरेल. चाळीतल्या विळ्या, सुऱ्या, कात्र्या त्यांच्याकडे धारेला येत. विळीला एक रुपया घेत. ते वर्ष १९८६-८७ असावे. आम्ही पाटी-दप्तर घेऊन शेजारी बसलेले असू. सहाणेवर पाते किती कोनात धरायचे, कुठे दाब द्यायचा, कुठे सोडायचा, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होते. पंधरा-वीस मिनिटे एकाच विळीवर घालवत. आणि विळी न्यायला आलेली बाई म्हणे, ‘दोन घासे मारायचे नि रुपया घेता होय हो? खाली रस्त्यावर आठ आण्यांत करतो.’ वडील उत्तर देत नसत. जुन्या बनियनच्या फडक्याने पाते पुसायचे, पाते स्वतःच्या अंगाकडे ठेवायचे आणि पाट पुढे करून विळी द्यायची. धार समोरच्याकडे करून त्यांनी कधी काही दिल्याचे आम्हांला आठवत नाही. रुपया मिळाला तर घेत, आठ आणे मिळाले तर तेही घेत. आम्हांला मात्र त्या बायांचा फार राग येई. मोठेपणी असे कुणाला बोलायचे नाही, असे आम्ही तेव्हा मनाशी ठरवले होते.

ती सहाण आज भाच्याकडे आहे. आजोबा गेल्यावर त्याने ती मागून घेतली आणि अमेरिकेला जाताना बॅगेत घालून नेली. चाकूच्या छंदाचे मूळ तेथे होते आणि आम्ही मात्र पोलिसांचा विचार करीत बसलो होतो.

त्या रात्री जेवण झाल्यावर भाच्याने स्वयंपाकघरातली सुरी हातात घेऊन आमची शिकवणी घेतली. मामाला शिकवताना त्याला संकोच वाटत होता, पण आम्हीच आग्रह धरला. तो जे सांगत गेला ते आमच्या शब्दांत देतो.

कारागिराच्या टेबलावरची कोणतीही वस्तू विचारल्याशिवाय उचलू नये. ‘हात लावू का?’ एवढे दोन शब्द पुरतात. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, काही जण स्वतः उचलून देतात. कंपनीच्या दालनात हाताळण्यासाठीच वेगळे नमुने ठेवलेले असतात, तेथे एवढे औपचारिक राहण्याचे कारण नाही. पण लहान टेबलावरचा चाकू हा त्या नमुन्याचा एकुलता एक असतो. त्याला ओरखडा पडला तर त्या माणसाचे काही दिवसांचे काम वाया जाते.

पात्याला बोट लावू नये. हा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे कारण शास्त्रीय आहे. अनेक कारागीर कार्बन पोलाद वापरतात, कारण त्याला धार उत्तम येते व ते भट्टीत चांगले घडते. पण ते न गंजणारे नसते. आपल्या बोटांच्या घामात पाणी आणि मीठ असते. ठसा तसाच राहिला तर त्याच आकाराचा गंजाचा डाग उमटतो. आरशासारखे घासलेले पाते असेल तर तो डाग काढायला पुन्हा सगळे घासावे लागते. चुकून बोट लागलेच तर आपल्या सदऱ्याला पुसून मोठेपणा करू नये. सदऱ्यावरच्या धुळीने बारीक ओरखडे पडतात. ‘माझे बोट लागले,’ असे सांगून परत द्यावे, ते त्यांच्या मऊ कापडाने पुसतात. अंगठ्याने धार तपासू नये, हातावरचे केस काढून पाहू नये. धार पाहायची इच्छा असेल तर तसे सांगावे. तो माणूस कागद कापून दाखवील. वडापाव खाऊन तेलकट हाताने तर टेबलाजवळ फिरकूही नये. तेथे वडापाव नव्हता, बटाट्याचे तळलेले काप होते, पण तेल ते तेलच.

घडीचा चाकू मनगटाला झटका देऊन उघडू नये. सिनेमात ते छान दिसते. प्रत्यक्षात त्याने बिजागरीवर ताण येतो, आणि गर्दीत शेजारच्याचा हात केव्हा मध्ये येईल सांगता येत नाही. पाते उघडल्यावर ते जागी धरून ठेवणारी कळ निरनिराळ्या प्रकारची असते. ती ठाऊक नसेल तर विचारावे, अंदाजाने बंद करू पाहिले तर बोट कापते. कापलेच तर लपवू नये. अनेक जण टेबलाखाली चिकटपट्ट्यांचे पाकीट ठेवतात. रक्तातही मीठ असते, म्हणून आधी पात्याची अवस्था सांगावी आणि मग आपल्या बोटाकडे पाहावे, असे भाचा हसत म्हणाला. म्यानातून काढलेला चाकू आपणच पुन्हा म्यानात खुपसू नये. तिरका गेला तर आतून चामडे कापते. आणि मित्राला दाखवायचा म्हणून आपल्या हातातला चाकू परस्पर त्याच्या हातात देऊ नये. आधी तो कारागिराकडे परत जावा, मूठ त्याच्याकडे करून, मग मित्राने मागून घ्यावा.

एक रीत आम्हांला फार आवडली. ज्याच्या हातात चाकू आहे त्याचा त्यावर पहिला हक्क. तो पाहत असताना मागून कुणी खांद्यावरून ‘मी घेतो’ असे ओरडायचे नाही. त्याने खाली ठेवला की मग दुसऱ्याने बोलावे. अर्थात यात हातात धरणाऱ्यावरही बंधन येते. घ्यायचा नसेल तर धरून बसू नये. घरी फोन लावून, फोटो पाठवून, अर्धा तास विचार करायचा असेल तर चाकू टेबलावर ठेवून करावा. तेवढ्या वेळात खरा गिऱ्हाईक निघून जातो आणि या माणसांची वर्षाची बरीच मिळकत अशा दोन-तीन प्रदर्शनांवर असते. गप्पा मारताना मागे कुणी पैसे हातात घेऊन उभा दिसला तर आपण होऊन बाजूला सरावे. हे आम्ही रेल्वेच्या खिडकीवरही पाळत नाही, हे कबूल करतो.

नामवंत कारागिरांच्या टेबलावर तर सोडत असते. इच्छुकांनी नावाच्या चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या, ठरलेल्या वेळी चिठ्ठी काढली जाते आणि जिचे नाव निघेल तिला किंवा त्याला ठरलेल्या भावाने तो चाकू विकत घेण्याची संधी मिळते. सोडत पैशांसाठी नाही, रांगेत धक्काबुक्की होऊ नये म्हणून. यात चार मित्रांची नावे टाकून आपली संधी वाढवणे वाईट समजले जाते. त्याहून वाईट म्हणजे मिळालेला चाकू त्याच सभागृहात चार टेबले पुढे नेऊन जास्त भावात विकणे. कायद्याने गुन्हा नाही, पण तो माणूस पुढच्या वर्षी सर्वांच्या लक्षात राहतो.

भावाविषयी सांगायचे तर, घासाघीस करावीच असे नाही. शेवटच्या दिवशी ‘यात काही कमी-जास्त होईल का?’ असे सौम्यपणे विचारलेले चालते. नाही म्हटले की विषय संपला. ‘अमुक ठिकाणी वीस डॉलरला मिळतो’ हे वाक्य कोणत्याही भाषेत उच्चारू नये. दुसऱ्या कारागिराची निंदा या टेबलावर करू नये. स्वतःच्या खिशातला चाकू काढून ‘हा पाहा, मी केला’ असे मध्येच सुरू करू नये. शिकाऊ माणसाने आधी विचारावे, दुपारची गर्दी ओसरल्यावर यावे, मग हेच लोक तासभर बसवून चुका समजावून देतात. फोटोही विचारून. आणि घ्यायचे नसेल तर ‘नंतर येतो’ अशी थाप मारू नये. ‘काम फार सुंदर आहे, माझ्या ऐपतीबाहेर आहे,’ हे सरळ सांगितले तर कुणालाही राग येत नाही.

आपल्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. दमास्कस पोलाद पाहिले की भारतीय माणसाला आठवते की हे तर मूळ आपले. त्यात तथ्य आहे. दक्षिणेत, आजच्या तेलंगण, कर्नाटक, तामिळनाडूच्या भागांत मुशीत वितळवून जे पोलाद करीत, तेच ‘वूट्झ’ नावाने जगात गेले आणि त्याच्याच तलवारींना दमास्कसची म्हणून कीर्ती मिळाली. मात्र टेबलावरचे बहुतेक दमास्कस थर जोडून केलेले असते, ते वूट्झ नव्हे. वूट्झची हरवलेली कृती पुन्हा शोधण्यात ज्यांनी आयुष्याची बरीच वर्षे घातली त्यांत आयोवातील धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होव्हेन आणि फ्लोरिडातील आल्फ्रेड पेंड्रे हे होते. पेंड्रे हे घोड्यांना नाल ठोकणारे नालबंद. पोलादात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंश असल्याशिवाय ती नक्षी उमटत नाही, हे या दोघांच्या प्रयोगांतून पुढे आले. तेव्हा कारागिरासमोर छाती फुगवून ‘आमचेच’ म्हणण्यापूर्वी त्या भट्ट्या फुंकणाऱ्या आपल्या माणसांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येते का, याचा विचार करावा. आम्हांला आले नाही.

मुठींबाबतही सावध असावे. जुन्या चाकूंना भारतीय सांबराच्या शिंगाच्या मुठी फार दिसतात. भारतातून या शिंगांची निर्यात आता बंद आहे, म्हणून तेथे जुन्या साठ्याला मोठा भाव येतो. अशा मुठीचा किंवा हस्तिदंताचा चाकू भेट म्हणून घरी आणण्याच्या भानगडीत पडू नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. आपल्याकडच्या शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू, तो घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामाचा नसेल तर, शस्त्र ठरतो. स्वयंपाकाची सुरी आणायची तर ती विमानात सोबतच्या पिशवीत चालत नाही, सामानात द्यावी लागते. ताईची भीती अगदीच निराधार नव्हती, असे म्हणता येईल.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही त्या टेनेसीच्या गृहस्थांच्या टेबलापाशी पुन्हा गेलो. गिऱ्हाईक नव्हते असे पाहूनच गेलो. भाच्याला मध्ये न घालता आम्ही म्हणालो, ‘सर, काल आम्ही चुकीचे बोललो. आमचे वडीलही हेच काम करीत.’ त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि शेजारची रिकामी खुर्ची पायाने पुढे सरकवली. ‘कसल्या दगडावर?’ एवढेच विचारले. भाच्याने मोबाइलमध्ये आजोबांच्या सहाणेचा फोटो दाखवला. मधोमध झिजून खळगा पडलेली ती सहाण त्यांनी बोटांनी मोठी करून बराच वेळ पाहिली.

मग त्यांनी सांगितले. पट्टी भट्टीत तापवून घडवायची. घडवून झाली की पाणी द्यायचे. हे लोक बहुधा तेलात विझवतात. त्यासाठी पोलाद इतके तापले पाहिजे की त्याला लोहचुंबक चिकटेनासे होते. विझवल्यावर ते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून साधारण २०० अंशांच्या भट्टीत दोन-दोन तास, दोनदा ठेवून त्याचा कडकपणा थोडा उतरवायचा. मग घासणे, मूठ बसवणे, म्यान शिवणे. कधी कधी तेलात घालतानाच ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो. पात्याला तडा गेला असे समजायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

आम्ही बी.कॉम. आहोत, आकडे पाहिल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. त्यांच्या परवानगीने आम्ही पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. चाकू ४५० डॉलरचा. पोलाद, मुठीचे लाकूड, घासायचे पट्टे, म्यानाचे चामडे मिळून ९० गेले. प्रदर्शनाचे टेबल, मोटेल, पेट्रोल, जेवण यांचे १,२०० डॉलर. दहा चाकूंवर वाटले तर प्रत्येकी १२०. राहिले २४०. एका चाकूला ३० तास लागले. म्हणजे तासाला ८ डॉलर. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने ठरलेले किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. त्यापेक्षा पाऊण डॉलर जास्त, तेही दहाच्या दहा खपले तर. शनिवार सकाळपर्यंत त्यांचे तीन खपले होते. ते पाकीट त्यांनी आमच्याकडून मागून घेतले आणि बायकोला दाखवायला खिशात ठेवले.

त्यांनी तोच कालचा चाकू आमच्यासमोर धरला, मूठ आमच्याकडे करून. आम्ही दोन्ही हात पॅन्टला पुसले आणि घेतला. इतका हलका असेल असे वाटले नव्हते.

आमच्या ऐपतीबाहेरचे होते आणि तसे आम्ही सांगितले. भाच्याने मात्र त्यांच्याकडे एका स्वयंपाकाच्या सुरीची मागणी नोंदवली, आईसाठी. थोडी आगाऊ रक्कम दिली. मागणी नोंदवण्याचीही रीत आहे: माप, पोलाद, लाकूड एकदाच नीट सांगायचे, दर आठवड्याला विचारणा करायची नाही आणि मध्येच बेत बदलायचा नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये देतो, असे ते म्हणाले. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे प्रदर्शन भरलेच नाही. आगाऊ रक्कम परत मागावी असे आम्ही फोनवर सुचवले, तेव्हा भाचा म्हणाला, ‘मामा, त्यांचे तर वर्षच गेले.’ त्याने फक्त प्रकृतीची चौकशी करणारे पत्र पाठवले आणि उरलेली रक्कमही पाठवून दिली.

सुरी २०२१ च्या शेवटी आली. सोबत मऊ कापडाचा एक तुकडा आणि तेलाची लहानशी बाटली होती. पुढच्या वर्षी भाचा सुट्टीवर आला तेव्हा सामानात घालून ती घेऊन आला. आम्ही सगळे ताईच्या घरी जमलो होतो. त्याने कागद उलगडला, पाते स्वतःकडे ठेवले आणि मूठ आईपुढे केली. ताई कांद्याचे ताट बाजूला सारून उठली, मोरीवर जाऊन हात धुतले, पदराला कोरडे केले आणि मग पुढे आली.